नबीलाल कारकुनाचे एकशे बारा गुन्हे

आमच्या करंजवाडीचं नाव एका वर्षी सगळ्या संस्थानात गाजलं. कुस्तीसाठी नव्हे, गुळासाठी नव्हे, तर चोऱ्यांसाठी. आणि गंमत बघा, त्या वर्षी गावात चोर हुडकायला गेलं असतं तर जेमतेम दीड सापडला असता. एक जण म्हातारा, गुडघ्यांनी दगा दिल्यापासून चोऱ्या सोडून नुसत्या जुन्या चोऱ्यांच्या गोष्टी सांगणारा. आणि अर्धा म्हणजे माझे सख्खे चुलत आजोबा. त्यांना दुसऱ्याच्या परसातली कोवळी काकडी दिसली की राहवत नसे. एवढ्या भांडवलावर आमच्या गावानं एकशे बारा गुन्हे केले आणि सगळ्या ठाण्यांत पहिला नंबर काढला.

ही करणी नबीलाल कारकुनाची.

पुढं म्हातारपणी नबीचाचा आमच्या पारावर येऊन बसत. ही हकिगत मी त्यांच्याच तोंडून बारा-पंधरा वेळा ऐकली आहे, आणि दर वेळी ती थोडी वाढलेली असायची. आता मी सांगताना आणखी बोटभर वाढली तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

तर आमचं गाव गडहिंग्लजच्या अंगाला, आणि वसलंय अशा जागी की तीन राज्यं तिथं एकमेकांना टेकलेली. गाव कोल्हापूरचं, म्हणजे शाहू महाराजांच्या अमलातलं. ओढा ओलांडला की दुसऱ्याच एका संस्थानिकाचा मुलूख. त्याचं नाव मी सांगणार नाही, कारण माझ्या दोन भाच्या तिकडं दिल्या आहेत. आणि मागची टेकडी चढून पलीकडं उतरलं की इंग्रजांचा बेळगाव जिल्हा. शिवेवर एक दगड होता. आमचे वडील म्हणत, त्या दगडावर बसून माणूस एका राज्यात चिलीम भरायचा, दुसऱ्यात ओढायचा आणि तिसऱ्यात थुंकायचा.

साल एकोणीसशे अकरा-बारा असावं. नबीलाल हा बांगड्या भरणाऱ्या मणेराचा मुलगा. बापाला वाटत होतं, पोरगं टोपलं घेऊन गावोगाव हिंडेल. पण पोराच्या हातात बांगडी टिकेना आणि बोरू सुटेना. त्याचं मोडी अक्षर असं की, ठाण्याचा हुकूम आला तर लोक आधी अक्षर बघत आणि मग घाबरत. त्या अक्षरावरच तो करंजवाडीच्या पोलीस ठाण्यात कारकून झाला. ठाणं म्हणजे दोन खोल्या, एक लिंबाचं झाड आणि आकाराम जमादार. जमादाराच्या मिशा दोन गावांतून दिसत, पण अक्षराशी त्यांचा लहानपणापासून अबोला होता. कागद नबीलाल बघायचा, मिशा जमादार बघायचे, आणि ठाणं सुखात चाललं होतं.

नबीलालची एक खोड होती. सांगितलं ते लिहायचं. कुणीही यावं, काहीही सांगावं. तो फक्त एक प्रश्न विचारायचा.

"म्हस गेली वो, कारकून!"

"गेली का नेली?"

"आता ते मला काय ठावं?"

"दावं तोडून गेली असंल तर ओढ्याकडं हुडका. दावं सोडून नेली असंल तर बसा हितं, पाणी प्या, लिवतो."

माणूस पळत जायचा, दावं बघायचा, आणि परत येऊन एक तर हसायचा नाही तर बसायचा. बसला की नबीलाल लिहायचा. म्हशीचं शिंग कुठं वळलंय, कपाळावर चांद आहे का, दूध किती, मारकी का गरीब, सगळं. लोक म्हणायचे, आपली म्हैस आपल्याला जेवढी ठाऊक नव्हती तेवढी नबीलालच्या वहीत आहे.

ओढ्यापलीकडचा कारभार वेगळा. तिथल्या फौजदाराकडं दोन वह्या. एक गुन्ह्यांची, ती नव्या नवरीसारखी कोरी, घडीसुद्धा न मोडलेली. दुसरी गहाळ वस्तूंची, ती फुगून उशीएवढी झालेली. त्या मुलखात चोरी कधी व्हायचीच नाही. सगळं आपोआप हरवायचं. बैलजोडी हरवायची. विहिरीवरची मोट दोरासकट हरवायची. एकदा एका वाण्याच्या घराला मागनं भगदाड पडलं आणि आतली भांडी गेली, फौजदारानं लिहिलं, "भिंत जुनी, उंदीर फार." आणि कुणी चोरी म्हणून हट्ट धरलाच तर त्याला आधी एक मुस्काटात बसायची. "तुझी वस्तू तुला सांभाळता येत न्हाय, आन् सरकारला ताप देतोस व्हय रे?" मग तिथली माणसं काय करायची? गुपचूप ओढा ओलांडून नबीलालपुढं येऊन बसायची.

जमादार एकदा म्हणाले, "नबी, ह्यो पलीकडचा मानूस. ह्येची फिर्याद आपून कशापाई लिवायची?"

"जमादार, ह्येचा बैल हिकडच्या बाजारात इकायला आला तर धरायचा कुनी? आपूनच की. मग लिवलेलं बरं."

जमादारांनी मिशीवरनं हात फिरवला. म्हणजे मंजूर.

इंग्रजी मुलखात आणखी तिसरीच तऱ्हा. तिथं चोर सापडून कोर्टात उभा राहिला तरच गुन्हा मोजायचा. चोर सापडला नाही तर चोरी झाली का नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

आता शिमग्याचं सांगतो, कारण खरा घोटाळा शिमग्यानं केला. होळीला लाकडं आणि शेणी, म्हणजे गोवऱ्या, चोरून आणायच्या, मागून आणायच्या नाहीत, ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या वर्षी पोरांनी बाळाबाईच्या गाडीचं जुनं चाक होळीत घातलं. बाळाबाई म्हणजे गावातलं सगळ्यांत मोठं तोंड. ती सकाळी शिव्यांची फैर झाडत ठाण्यात आली. नबीलालनं विचारलं, "गेलं का नेलं?" ती म्हणाली, "गेलं कसं? त्याला काय पाय हाईत व्हय रं मुडद्या?" नबीलालनं लिहिलं.

झालं. बाळाबाईची फिर्याद सरकारदरबारी लागली ही बातमी दुपारपर्यंत गावभर. आणि गावाला एकदम नवीच काळजी लागली. ज्याच्या दारची शेणी चोरली नाही, त्याच्या दारात चोरण्यासारखं काही नाही असा अर्थ निघणार! मग काय, पाटलाच्या वाड्यापासून शेवटच्या झोपडीपर्यंत माणसं ठाण्यापुढं रांगेत. "माझ्या बी इस शेणी लिव." "माझी फळी लिव, सागवानी लिव." "तुझी फळी कवा सागवानी हुती रं?" रांगेतच दोन भांडणं झाली, तीही लिहिली गेली असती, पण भांडणाऱ्यांना आधी फळीच लिहून हवी होती. सूर्य मावळेपर्यंत एक्केचाळीस फिर्यादी झाल्या. एक्केचाळीसही खऱ्या. चोरणारे आणि लिहून देणारे एकाच ताटात पुरणपोळी खाऊन आलेले.

आणि शेवटची चूक कोंबडीची. चूक म्हणजे नबीचाचांच्या शब्दांत, "चूक न्हाय रे, बारकावा." एकाची कोंबडी बारा पिल्लांसकट गेली. नबीलालनं तेरा नोंदी केल्या, कारण पिल्लांचे रंग वेगवेगळे होते.

वर्ष सरलं. कोल्हापूरहून छापील तक्ता आला. आमचा मुलूख, शेजारचे मुलूख, सगळ्यांचे आकडे एकाखाली एक. ओढ्यापलीकडचं ठाणं: शून्य. टेकडीपलीकडचं इंग्रजी ठाणं: नऊ. करंजवाडी: एकशे बारा. खाली शेरा होता की, करंजवाडीस गुन्हेगारी बेसुमार, बंदोबस्त ढिला, कारकुनाची चौकशी करून त्यास बावड्याच्या जंगलातल्या चौकीवर हलवण्याचा विचार व्हावा.

नबीलालनं स्वतःच्या आवाजात हा कागद जमादारांना वाचून दाखवला. "कारकुनाची" हा शब्द तेवढा त्यानं घाईघाईनं वाचला.

घरी त्याच्या बायकोनं, चाँदबीनं ऐकलं आणि हातातला तवा तसाच धरून उभी राहिली. "बावडा? अजी, तिथं सा महिने पाऊस पडतो! जळवा घरात चालत येत्यात म्हणं! आन् लिवणार काय तुमी तिथं? अस्वलाची फिर्याद?"

"अस्वल आलं तर त्येला बी इचारीन, मध गेला का नेला."

"हसू नगा. माझ्या बापानं कारकून बघून पोरगी दिली. अस्वलाचा कारकून बघून न्हाय."

नबीलाल हसला खरा, पण त्या दिवशी भाकरी अर्धीच खाल्ली. नबीचाचा हे सांगताना दर वेळी थांबत आणि म्हणत, "बावड्याचं भ्या नव्हतं रे मला. पन मला कुनी इचारलं न्हाय, ह्या एकशे बारात हाय काय. नुसता आकडा बघितला आन् मानूस उचलला."

गावाचीही दैना झाली. आसपासच्या गावांत बोलबाला झाला, करंजवाडी चोरांची. जोतिबाच्या यात्रेत आमच्या गावची माणसं धर्मशाळेत शिरली की बाकीचे आपापली गाठोडी मांडीवर घेऊन बसायला लागले. आकाराम जमादारांच्या लेकीची सोयरीक मुरगुडात ठरत आलेली, तीही लटकली. मुरगूडचे पावणं म्हणाले, "पोरगी सोन्यासारखी हाय. पन पोरगी आली की म्हायेरची मानसं येत्यात-जात्यात. आमच्या परड्यात भांडी उघड्यावर असत्यात."

मग जमादार बिथरले. "नबी, आजपासनं लिवायचं बंद. तपासणीला सायब यायचा हाय. तंवर वही कोरी. शेजाऱ्यासारखी."

"आन् कोन आलं तर?"

"म्हणायचं, गहाळ."

नबीलालनं अकरा दिवस बोरूला शाई लावली नाही. माणसं आली, तो प्रश्न न विचारता म्हणाला, "हुडका, सापडंल." माणसं त्याच्याकडं अशी बघत, जणू ओढा ओलांडून चुकून पलीकडच्या ठाण्यात आलोय.

बाराव्या दिवशी तानाबाई आली. एकटी म्हातारी, एक शेळी, तेवढाच संसार. शेळीचं दूध घालून पोट भरायची. ती येऊन नबीलालपुढं बसली.

"नबी, शेळी नेली लेका."

"तानामावशी, हुडका, सापडंल."

"हुडकली. खुंटीचं दावं कापलंय. इचार की मला."

"काय इचारू?"

"ते तुझं. गेली का नेली."

नबीलाल खाली बघायला लागला. म्हातारी हलेना. दुपार झाली, उन्हं लिंबाखाली सरकली, म्हातारी तिथंच. शेवटी म्हणाली, "तू लिवलं न्हाईस तर मी येड्यावानी सांगत फिरनार, शेळी नेली, शेळी नेली. लोक म्हनतील, म्हातारी इसरली असंल कुठं बांधून. तू लिवलंस की मग माजं खरं. तेवढंच तर हाय माज्याकडं."

नबीलालनं दौत ओढली. "गेली का नेली, मावशी?"

"नेली!" म्हातारी असं म्हणाली, जणू शेळी परतच मिळाली.

डावा कान चिरलेला, पुढचा एक पाय पांढरा, चालताना जरा उजवीकडं तोंड. लिहिल्याबरहुकूम चौथ्या दिवशी शेळी गडहिंग्लजच्या बाजारात सापडली. जमादारांनी डोक्याला हात लावला, पण शेळी आणायला स्वतःच गेले.

आणि त्याच आठवड्यात तपासणीचे साहेब आले. कोल्हापूरचे, शिकलेले, इंग्रजी पुस्तकं वाचणारे. डोक्यावर लालभडक बांधीव पगडी, मान कधी वाकली नाही अशी. त्यांनी ठाण्यात बसून वही उघडली.

"कारकून, एकशे बारा गुन्हे! विलायतेचे आकडे मी वाचलेत. लंडन शहरात म्हणे चोऱ्यांचे रकानेच्या रकाने भरतात. तुम्ही करंजवाडीचं लंडन करायला निघालात काय?"

नबीलाल हात जोडून म्हणाला, "सायब, म्हंजी इलायतेची मानसं सगळी चोर काय?"

"छे! तिथली शिस्त फार चोख. बारीकसारीक सगळं नोंदवलं जातं, म्हणून आकडा मोठा."

"मग आमी काय येगळं केलं, सायब?"

साहेब खाकरले. "तिथलं वेगळं. तो सुधारलेला देश आहे."

तेवढ्यात दारातनं रुद्राप्पा आत आला. रुद्राप्पा आमच्या गावचा ज्वारीचा व्यापारी, लिंगायत, नबीलालचा जिवाभावाचा दोस्त. तिन्ही मुलखांत त्याचा माल जायचा. त्याच्यामागं ज्वारीचं एक पोतं आणि हातात तीन पायल्या. पायली म्हणजे धान्य मोजायचं माप, आणि तेव्हा बाजारागणिक पायली वेगळी असे.

"सायबरी, एक खेळ दावतो. बगा तर." त्यानं पोतं जमिनीवर ओतलं. गडहिंग्लजच्या पायलीनं मोजलं, सोळा भरली. मुरगूडच्या पायलीनं तीच रास मोजली, चौदा भरली. मग पलीकडच्या मुलखातली पायली काढली. ती मडक्याएवढी मोठी होती, दहाच भरली.

"आता सांगा री, ज्वारी कुठं जास्त पिकली?"

"एकच तर रास आहे."

"हौदु री! होय! एकच. पायली कुणाची ते न इचारता मी नुसता आकडा घेऊन बाजारात बसलो असतो, तर माझी दिवाळी कधीच झाली नसती." आणि नबीलालकडं बोट करून म्हणाला, "ह्येची पायली लई बारीक हाय. बाराव्या पिल्लाला बी मोजतो. पलीकडची पायली एवढी मोठी, की तिच्यात अख्खी बैलजोडी पडली तरी भरत न्हाई."

साहेबांना हसू आलं असावं, पण पगडीनं ते वरच्यावर अडवलं. मग नबीलालनं वही उघडून हिशेब मांडला. शिमग्याच्या एक्केचाळीस. पलीकडच्या मुलखातनं येऊन लिहून दिलेल्या अडतीस. राहिल्या तेहेतीस. त्यात एका कोंबडीच्या तेरा. ती एकच धरली तर गावच्या स्वतःच्या चोऱ्या एकवीस. "आन् सायब, त्यातल्या चौदा आमी शोधल्यात."

साहेबांनी वही मिटली आणि ते उठले. "तुमचं म्हणणं मी ऐकलं. पण वर जातो तो आकडा. आकडा तो आकडा. परवा मी अहवाल लिहीन. सामान बांधून ठेवा. आणि जमादार, या चोरांच्या गावात मी मुक्काम करणार नाही. पलीकडच्या फौजदारांनी बंगल्यावर सोय केली आहे. तिथं तीन वर्षांत एकही चोरी नाही. फक्त माझ्या पोटाला शेळीचं दूध लागतं, ते सकाळी पोचवा."

गावात दुभती शेळी एकच. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तानाबाई चरवी घेऊन ओढा ओलांडून बंगल्यावर गेली, दूध घातलं आणि आली.

चाँदबीनं सामान बांधायला काढलं. दौत गुंडाळताना तिच्या हातनं शाई सांडली. ती म्हणाली, "बगा, हिला बी यायचं न्हाय."

आणि ऊन वर आलं तोवर ठाण्यापुढं बैलांची दमणी येऊन थांबली. आतनं साहेब उतरले. डोक्याला शाल गुंडाळलेली, बाळंतिणीसारखी. माणसं घराघरांतनं बाहेर आली. त्या काळी भला माणूस उघड्या डोक्यानं बाहेर पडायचा तो फक्त मौतीला, आणि गुंडाळलेल्या डोक्यानं पडायचा तो दाढदुखीला. साहेबांचं दोन्हीतलं काही दिसत नव्हतं. दिसत होता तो राग.

आत येऊन ते म्हणाले, "माझी पगडी."

नबीलाल उठून उभा राहिला. जीभ सवयीनं हलली. "गेली का नेली, सायब?"

"नेली! खुंटीवर होती. आंघोळ करून आलो, तर खुंटी मोकळी. त्या फौजदाराला म्हणालो, चोरी झाली. तर मला म्हणतो, आमच्या हद्दीत चोरी होत नाही, गहाळ म्हणून लिहितो. वर म्हणतो, उंदीर फार झालेत. उंदीर पगडी घालून गेला काय?"

जमादारांनी मिशा दोन्ही हातांनी धरल्या. नाही तर त्या हलल्या असत्या.

"सायब, त्यांनी मुस्काटात तर न्हाय न्हवं दिली?" रुद्राप्पानं दारातनं काळजीनं विचारलं.

"तुम्ही बाहेर थांबा हो! कारकून, लिहा."

नबीलालनं वही उघडली, बोरू बुडवला आणि तसाच धरला. "सायब, लिवायच्या आदी एक सांगतो. चोरी झाली पलीकडं. लिवनार हितं. म्हंजी पलीकडं शून्याचं शून्यच ऱ्हानार आन् करंजवाडीचा आकडा एकानं वाढनार. तुमीच उद्या म्हनाल, अजून एक गुन्हा. लिवू का नगं?"

साहेब शालीत बोट घालून डोकं खाजवत बसले. त्यांनी ती छापील तक्त्याची सुरळी काढली, पसरली आणि शून्यावर बोट ठेवलं. मग एकशे बारावर ठेवलं. मग त्यांना जे हसू आलं, ते अडवायला पगडी नव्हती. पोट धरून हसले.

"लिहा, कारकून. माझं नाव लिहा, वडलांचं नाव लिहा. रंग लाल. आतून पिवळं अस्तर."

"सायब, अस्तर नवं का जुनं?"

"जुनं हो, जुनं! आणि हे अस्तराचं अहवालात नको."

अहवाल मात्र त्याच दिवशी, तिथंच बसून, शाल गुंडाळलेल्या डोक्यानं लिहिला. नबीलाल करंजवाडीतच राहावा. तक्त्यात यापुढं नुसता आकडा न घालता तीन रकाने करावेत: चोरी कुठं झाली, लिहून देणारा कुठला, आणि मोजायची रीत कोणती. त्याखाली एक ओळ होती, ती नबीचाचांना शेवटपर्यंत पाठ होती: "ज्या ठाण्याचा आकडा शून्य, त्याची तपासणी आधी करावी."

मुरगूडच्या पावण्यांकडं जमादार तो अहवालाचा उतारा घेऊन गेले, आणि वाचायला नबीलालला. पावण्यांना तीन रकान्यांतलं किती कळलं कोण जाणे, पण अक्षर बघून ते म्हणाले, "ज्या गावात असलं लिवनारा हाय, तिथली सोयरीक बरी." लेकीची हळद त्याच महिन्यात लागली. लग्नात जमादारांचे नवे जोडे गेले. करवल्यांनी जावयाचे समजून नेले, रीतच ती. जमादार अनवाणी नबीलालच्या कानाशी येऊन म्हणाले, "नबी, ह्ये तेवढं लिवू नगंस."

हां, पगडीचं राहिलंच.

साहेब कोल्हापूरला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तानाबाई ठाण्यात आली. ठाण्यात नबीलाल एकटाच. तिनं पदराखालनं एक गाठोडं काढलं आणि मेजावर ठेवलं. आत लालभडक पगडी, नीट झटकून ठेवलेली.

"ओढ्याकाठी सापडली, लेका. करवंदीच्या जाळीत."

नबीलालनं पगडी उलटी केली. पिवळ्या अस्तराला शेळीचे चार केस चिकटले होते. त्यानं म्हातारीकडं बघितलं. म्हातारी लिंबाकडं बघत होती.

त्यानं वही उघडली, बोरू बुडवला. जीभ सवयीनं उचलली गेली. "मावशी, तिथवर ती गेली का..."

आणि थांबला. बोरूवरचा शाईचा थेंब कागदावर पडला, गोल, काळा. त्यानं त्या थेंबाशेजारीच लिहिलं, "पगडी मिळाली. जागा ओढ्याकाठ. तपास पुरा." वही मिटली.

"जावा मावशी, धार काढायची येळ झाली."

संध्याकाळी चाँदबी दौत पुन्हा फडताळात ठेवत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अजी, तुमी म्हातारीला इचारलं का न्हाय?"

"आख्ख्या नोकरीत एकदाच न्हाय इचारलं," नबीलाल म्हणाला. "आन् त्ये बी शेजारच्या मुलखातलं हुतं. आपल्या गावच्या आकड्यात धरू नगंस."